मेणाची जर्सी आणि मी

मी एक जुनी सुती जर्सी आहे. मुलुंडच्या एका चाळीत, दाराआडच्या खिळ्यावर माझा मुक्काम. मित्रांनो, आज मनातलं पाप सांगते. मला हेवा वाटायचा, फार वाटायचा.

गिरणीच्या मागावर मी विणले गेले. शुभाच्या अंगावर तीन वर्षं धावले, तिचा घाम प्याले. ‘हीच माझी लकी जर्सी,’ असं ती सगळ्यांना सांगायची. मग चौऱ्याऐंशीच्या श्रावणात घरात नवी निळी जर्सी आली.

शुभाचे बाबा, जयवंत, गिरणीत तंबूच्या कापडाला मेण लावायचे. संपानंतर काम गेलं, पण हात ते काम विसरले नव्हते. धावण्याच्या जिल्हा निवडीत लेक पावसात भिजू नये म्हणून त्यांनी मेण वितळवलं, निळीला चोपडलं, वरून इस्त्री फिरवली आणि तांब्यातलं पाणी ओतलं.

“बघ गो, थेंब कसो घरंगळता!”

“झकास, बाबा! एकदम अळवाचं पान!”

मला कधी कुणी अळवाचं पान म्हटलं नव्हतं. मी जळले. निवडीच्या दिवशी मला अंग पुसायला पिशवीत कोंबलं, तेव्हा तर मी देवाला साकडंच घातलं, ‘निळीची फजिती होऊ दे.’

शर्यतीआधी शुभाच्या प्रशिक्षक नलिनीताईंनी मुलींना मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या. बाहेर पाऊस, पण शुभाचं तोंड टोमॅटोसारखं लाल. फेऱ्या संपताच ती मटकन खाली बसली. ताईंनी निळीच्या आत हात घातला. आत घामाचं तळं!

“अगं, ही जर्सी आहे की प्रेशर कुकर? काढ आधी!”

“ताई, बाबांनी केलीय ती. त्यांना वाईट वाटेल ना.”

माझं साकडं फळलं होतं. पण तिची ती धाप ऐकून माझे धागे शरमेने आवळले.

कुंपणाशी उभे असलेले जयवंत धावत आले. त्यांनीच मला पिशवीतून काढलं. “तंबूक घाम येणा नाय, बाय. ह्यां मी इसारलंय.”

आडोशाला कपडे बदलून, तोंडावर पाणी मारून ती शर्यत पळाली. मी चिंब भिजले, जड झाले, पण तिच्या अंगाची आग वारा माझ्यातून नेत होता. पहिल्या तिघींचीच निवड होती. शुभा तिसरी आली.

संध्याकाळी मारुतीच्या देवळात कीर्तन होतं. जयवंतांनी निळी उसवून कीर्तनकार बुवांच्या वाजवायच्या पेटीला तिचं आवरण शिवलं. पावसातही पेटी कोरडी राहिली, आणि निळीला रोजचं कीर्तन मिळालं!

खरं सांगू? त्याचाही मला हेवा वाटतो. मी इथे खिळ्यावर, आणि ती अभंगाच्या मांडीला मांडी लावून. पण मग आठवतं, हेवासुद्धा मेणच. बाहेरचा वारा आत येऊ देत नाही, आतली वाफ बाहेर जाऊ देत नाही.

मित्रांनो, खेळून आलात की तुमची जर्सी साध्या पाण्यात धुवा, वाऱ्यावर वाळवा. कापडाला श्वास घेऊ द्या. आणि जाता जाता मला एकदा देवळात घेऊन जा. पुसणं म्हणून न्या, चालेल. पेटी पुसेन.