उघड्या फांदीवरचं अंडं

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. माझं भिंग अजून लख्ख आहे, कातडी पिशवीचा बंद मात्र तुटला आहे. मी रिळांच्या काळातला. फोटो काढला, पाहिला, आवडला नाही तर पुसला, ही चैन आम्हाला ठाऊक नव्हती.

माझे मालक जहाजावर इंजिनिअर होते. पहिल्या पगारातून त्यांनी मला घेतलं आणि समुद्रभर मिरवलं. पण एका दूरच्या बेटावर ते उतरले, त्या दिवशी मी नेमका केबिनमध्ये खिळ्याला लटकत होतो. येताना ते एक गोष्ट घेऊन आले. तिथला एक पांढराशुभ्र पक्षी घरटं बांधतच नाही, उघड्या फांदीवर अंडं ठेवतो. घरी कोणाला पटेना. "उचलली जीभ, लावली टाळ्याला," धाकटे भाऊ म्हणायचे. मालक हसण्यावारी न्यायचे, पण पुढे त्यांनी ती गोष्ट सांगायचंच सोडलं. मला फार वाईट वाटायचं.

म्हातारपणी ते अंथरुणाला खिळले. तेव्हा त्यांची लेक पशुपक्षी दाखवणाऱ्या एका जहाजाने त्याच बेटाकडे निघाली. बाबांचा शब्द खरा करायचा, एवढंच तिच्या मनात होतं. मालकांनी मला तिच्या गळ्यात घातलं.

"रीळ भरलंस की डावीकडची चकती बघ. दर फोटोला ती फिरली पाहिजे."

"हो बाबा, किती वेळा सांगाल?"

बेटावर बाकीची मंडळी कासवं बघायला किनाऱ्याने गेली. ही झाडीत शिरली आणि थबकली. फांदीच्या खोलगट जागेत ठिपक्यांचं अंडं होतं आणि शेजारी तो पक्षी, आमच्याकडेच बघत. तिचे डोळे भरून आले. घाईघाईने तिने नवं रीळ भरलं आणि फोटो काढत सुटली. चकती जागची हलत नव्हती. रिळाचं टोक आत अडकलंच नव्हतं, त्यामुळे रीळ पुढे सरकत नव्हतं आणि एकही फोटो उमटत नव्हता. मला कळत होतं, पण कॅमेऱ्याला वाचा कुठली?

जहाज बेटापासून लांब आलं, तरी रीळ संपेना. तेव्हा तिने चकतीकडे पाहिलं आणि मागे वळून बघितलं, तर बेट दिसेनासं झालं होतं.

घरी आल्यावर ती पलंगाशी बसली. "बाबा, मी पाहिलं. अंडं, पक्षी, सगळं. पण फोटो एकही नाही. चकती बघायची राहिली."

मालकांनी तिचा हात हातात घेतला. मग म्हणाले, "डोळे कसे होते गं त्याचे?"

"काजळ घातल्यासारखे."

मालक खुदकन हसले. "आता तुलाही थापाडी म्हणतील."

"म्हणू देत की. एकाचे दोघं झालो."

त्या संध्याकाळी मालकांनी ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. मध्येच ती सांगायची, मध्येच ते. माझ्या पोटात कोरं रीळ होतं, तरी मी इतका सुखी कधीच नव्हतो.

आता मालक नाहीत. मी फळीवर धूळ खात पडलो आहे. मित्रांनो, मला अधूनमधून पुसा, जमलं तर बंदही शिवून घ्या. आणि घरातलं म्हातारं माणूस एखादी अचाट गोष्ट सांगू लागलं, तर त्याच्याकडे फोटो मागू नका. जवळ बसा आणि विचारा, "मग काय झालं?"