हिरवं खत

माझे सासरे जन्मभर माळी. वाळकं पानसुद्धा वाया जाऊ देणार नाहीत. मातीचं मातीला द्यायचं, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. त्यानेच आमचा घात केला.

आमच्या घरामागे बॅटऱ्या फोडायचं वर्कशॉप होतं. ते बंद पडलं, पण शिसं मातीत राहिलं आणि अंगणात खेळणाऱ्या माझ्या लेकीच्या रक्तात उतरलं. माती साफ होईपर्यंत मुलीला इथे ठेवू नका, असं डॉक्टर म्हणाले. विषावरचं घर विकत घेणार कोण? मुलगी माझ्या बहिणीकडे गेली आणि आम्ही सूर्यफुलं लावली. ती मुळांनी शिसं ओढून घेतात. माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या बाईंनी सासऱ्यांना बजावलं होतं, "काका, झाडं मुळासकट उपटायची आणि पोत्यात भरायची. आमची गाडी येऊन नेईल." त्यांनी मान डोलावली होती.

आज बाई निकाल घेऊन आल्या. इतके हंगाम गेले, तरी शिसं होतं तेवढंच.

"पोती तर दरवेळी नेली आम्ही," त्या म्हणाल्या. "जरा हलकी लागायची, एवढंच."

"हलकी असणारच!" सासरे हसले. "नुसते दांडे भरायचो. मुळं आणि पाला मी बारीक करून गाडला. एवढं हिरवं खत कुणी फेकून देतं होय?"

बाईंनी डोक्याला हात लावला. सगळं मुसळ केरात.

"बाबा, तेच विष परत पेरलंत तुम्ही!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यावर आवाज चढवला आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. मला त्यांचा तिरस्कार वाटला. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

सासऱ्यांना उमजायला वेळ लागला. मग ते अंगणात गेले, गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी माती उकरायला लागले. पाला शोधत होते. पाल्याची केव्हाच माती झाली होती, काळीभोर, भुसभुशीत.

तेवढ्यात बहिणीच्या फोनवरून लेक बोलली, "आई, माती बरी झाली?"

मी म्हणाले, "नाही गं राणी. अजून नाही."

मला वाटलं, आता रडेल. मी तिची समजूत घालायला सरसावलेसुद्धा.

"बरं," ती म्हणाली. "मग मावशीला सांगते, माझं नाव इथल्याच शाळेत घाल."