लाल रिबिनीच्या दोन ओळी

आधीच सांगून ठेवते, मला खोटं बोललेलं खपत नाही. आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना ते ठाऊक आहे. म्हणून गेल्या हिवाळ्यात बागेत जे झालं ते मीच सांगितलेलं बरं. आमच्या ह्यांच्यावर सोपवलं तर ते स्वतःची बाजू धरून सांगतील.

आमचं गाव दिंडोरीच्या अलीकडं. साडेतीन एकर द्राक्ष. माझ्या नणंदेची पोरगी निकिता नाशकात असते, कॉलेजात रसायनशास्त्राची पीएचडी करते. सहावं वर्ष. नणंद येता-जाता म्हणते, "एवढ्या दिवसांत दोन लेकरांची आई झाली असती." मी म्हणते, "लेकरं कुणालाही होतात, वन्सं. हिच्यासारखं डोकं कुणाकुणाला होतं." त्यावर नणंद दोन दिवस बोलत नाही. मला तेवढीच शांतता.

तर सप्टेंबरात ही पोरगी काचेची एक छोटी बाटली घेऊन आली. आत टाल्कमसारखी पांढरी पावडर.

"मामी, ह्यात पोकळ गोळ्या आहेत," ती म्हणाली.

"गोळ्या कुठं? मला तर पीठ दिसतंय."

"एकेक गोळी इतकी बारीक आहे की तुझ्या एका केसाच्या जाडीत चारशे गोळ्या शेजारी शेजारी मावतील."

मग तिनं आम्हा दोघांना समोर बसवून ते सगळं समजावलं. आधी प्लास्टिकचे अगदी बारीक मणी करायचे. वाळू ज्याची बनते ना, त्याच पदार्थाचं पातळ कवच त्या मण्यांवर चढवायचं. मग भट्टीत तापवायचं. आतला मणी जळून जातो, कवच तेवढं मागं राहतं. कवचाला भोकं असतात, त्यातून आत औषध भरायचं.

आमचे हे, म्हणजे कारभारी, कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. "म्हंजी मणी करायचा आन् तोच जाळायचा?"

"हो मामा. किंमत त्या पोकळीची आहे. पोकळी असली तरच औषध मावेल."

मला एका फटक्यात कळलं. "पाणीपुरीची पुरी," मी म्हटलं.

"अगदी बरोबर. फक्त ह्या पुरीतलं पाणी एकदम सांडत नाही, वीस-पंचवीस दिवस थोडं थोडं झिरपतं. पाऊस पडला, दव पडलं, तरी सगळं धुऊन जात नाही."

आता ह्यातलं मर्म द्राक्षवाल्यालाच कळेल. ऑक्टोबरची छाटणी झाली की कोवळ्या पानांवर डावणी नावाचा रोग टपून बसलेला असतो. ढग आले की फवारणी, धुक्याची धुई पडली की फवारणी, शिंतोडे आले की परत फवारणी. औषध पानावर टिकतच नाही, निम्मं मातीत जातं. ह्यांची पाठ पंपानं वाकली आणि माझे हात पाणी वाहून भरून आले. एका फवाऱ्यात पाचांचं काम होणार असेल तर त्या पावडरीला मी हळदकुंकू वाहीन, असं मी म्हटलं.

निकिताला सहा ओळी हव्या होत्या. निळ्या रिबिनीच्या दोन ओळींना तिचं औषध, एकदाच. पिवळ्या रिबिनीच्या दोन ओळींना आमची नेहमीची फवारणी. आणि लाल रिबिनीच्या दोन ओळींना नुसतं पाणी.

"नुसतं पाणी कशापायी?" ह्यांनी विचारलं.

"तुलनेसाठी मामा. लाल ओळीत रोग आला तरच मला म्हणता येईल की निळ्या ओळीत तो माझ्या गोळ्यांनी थांबवला. हवेत रोगच नव्हता असं कुणी म्हणालं तर मी काय दाखवू?"

"म्हंजी झाडं आजारी पडू द्यायची?"

"पडू द्यायची. आणि ह्या सहाही ओळींची द्राक्षं कुणी खायची नाहीत, विकायची नाहीत."

हे 'बरं' म्हणाले. मीही 'बरं' म्हणाले. पोरगी म्हणाली, "फेब्रुवारीअखेर प्रबंध दिला नाही तर माझी नोंदणी रद्द होते. प्रयोगशाळेतले आकडे सगळे आहेत, शेतातले नाहीत. आणि शेतातल्या आकड्यांशिवाय सर सही करणार नाहीत." म्हणजे सहा वर्षांचं जे काही होतं ते आमच्या सहा ओळींवर येऊन ठेपलं होतं. हे आम्हाला पक्कं माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

नोव्हेंबरात चार दिवस अवकाळी झाली. आजूबाजूच्या बागांत डावणीनं धुमाकूळ घातला. पाचव्या दिवशी निकिता स्कूटी घेऊन हजर, गळ्यात भिंग, हातात वही. ओळीनं पानं उलटीपालटी करून डाग मोजायला लागली. निळ्या ओळीत थोडे डाग. पिवळ्या ओळीत थोडे. लाल ओळीत गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

मग येऊन बांधावर बसली. "मामी, लाल ओळीत एकही डाग नाही. माझ्या संशोधनाचा निष्कर्ष असा की डावणीवर सगळ्यात चांगलं औषध म्हणजे विहिरीचं पाणी." एवढं बोलून ती हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली.

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे मांडवाची तार सोलल्यासारखी खरवडत उभे. तीस वर्षं संसार केलाय, मला काय कळत नाही?

"अहो," मी म्हटलं.

"दोनच फवारे मारले," हे खाली मान घालून म्हणाले. "पहाटंच्याला. समद्या बागंला मारायचं आन् त्या दोन ओळींपाशी येऊन पंप बंद करायचा. हातच वळंना. ती पानं माझ्याकडं बघत व्हती."

मग मात्र माझं तोंड सुटलं. म्हटलं, पोरीच्या ताटात माती कालवलीत. म्हटलं, सख्खा मामा ना तुम्ही, वैऱ्यानं केलं नसतं असं केलंत. म्हटलं, शब्द दिला होता ना, मग त्या शब्दाला काही किंमत? आणखीही बरंच म्हटलं, ते इथं सांगण्यासारखं नाही.

निकितानं डोळे पुसले. "मामा, तुम्ही बोर्डो मारलं का?"

"नाय. ते डब्यातलं पांढरं औषध."

"मग पानांच्या मागं निळं कसलं आहे?"

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. निळंशार असतं ते.

आता इथं मला जरा थांबावं लागतंय. झालं असं की एक दिवस हे पिंपळगावला खोकी आणायला गेले होते. मी गवत काढायला बागेत गेले. लाल ओळीत एका पानावर मला पिवळा ठिपका दिसला. निदान दिसल्यासारखा वाटला. त्या वेली मी माझ्या हातानं लावल्यात, पहिल्या वर्षी हंड्यानं पाणी घातलंय. मी बोर्डो कालवलं, पाठीवरचा पंप भरला आणि दोन्ही ओळी धुऊन काढल्या. ह्यांनी मारलंय हे मला माहीत नव्हतं, मी मारलंय हे ह्यांना माहीत नव्हतं. बिचाऱ्या लाल ओळींचे लाड साऱ्या बागेत जास्त झाले.

माझा चेहराच सांगत होता. हे तार सोडून सरळ उभे राहिले. "चोराच्या उलट्या बोंबा," म्हणाले. एवढं समाधान ह्यांच्या चेहऱ्यावर मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

निकिता आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली आणि मग पोट धरून हसायला लागली. मला मात्र हसू येईना. मला माझी लाज वाटत होती. दुसऱ्याला खोटं खपत नाही म्हणून सांगत फिरणारी मी, आणि पोरीचं सहा वर्षांचं काम मीच पाण्यात घातलं होतं. तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "मामी, चूक माझी पण आहे. द्राक्षवाल्याला झाड आजारी पाडायला सांगितलं मी."

सुदैवानं विहिरीकडचा अर्धा एकर आम्ही उशिरा छाटतो. तिथं कोवळी पानं नुकती फुटत होती. निकितानं नाशकात भट्टी लावून आठवडाभरात चार ग्रॅम पावडर केली. परत सहा ओळी, परत रिबिनी. ह्या वेळी हे म्हणाले, "पंपाच्या खोलीची चावीच तू नाशकाला घेऊन जा."

"मग पिवळ्या ओळी कोण फवारणार मामा?" ती म्हणाली.

म्हणजे चावी आमच्याजवळ, औषध आमच्याजवळ, पंप आमच्याजवळ, आणि हात मात्र आवरायचे. ह्यापेक्षा उपास सोपा. उपासाला निदान साबुदाणा तरी असतो.

डिसेंबरात धुई पडायला लागली. दहाव्या दिवशी लाल ओळीत पहिला डाग आला. तेलाचा ठिपका पडावा तसा पिवळा, आणि पान उलटलं की पांढरी बुरशी. तेराव्या दिवशी पानापानावर. मी निकिताला फोन केला, "आली गं तुझी डावणी." ती म्हणाली, "अजून चार दिवस मामी. मग मी मोजायला येते." ते चार दिवस मला विचारू नका. ह्यांनी विहिरीकडं जायचंच सोडलं. मोटर चालू करायला मलाच पाठवायचे. ताटावर बसले की भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणायचे, "आज किती?" मी म्हणायचे, "जेवा गपगुमान."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर होते आणि ट्रॅक्टरचा आवाज आला. बघते तर शेजारचे लहानूभाऊ, मागं फवारणीचा ब्लोअर लावलेला, टाकी भरलेली, सरळ आमच्या बागेत.

"वहिनी, कारभाऱ्याचा पंप बिघडला जणू," ते म्हणाले. "मला लांबून दिसलं. दोन ओळी पार गेल्यात. म्हटलं, तोंड उघडून मागायचा नाय हा माणूस, आपणच जावं. सरका बाजूला, पाच मिनिटांत मारून देतो."

अशा भल्या माणसाला नाही कसं म्हणावं? आमच्यात कुणाच्या बागेत रोग दिसला तर न विचारता धावून जायची रीत आहे. पण मी ओळीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले, दोन्ही हात पसरून.

"फवारायचं नाय, भाऊ."

"म्हंजी? वहिनी, झाडं मरतील. माझ्याबी बागंत यील ते."

"तुमच्या बागेचं मी बघते. पाहिजे तर तुमच्या बांधाकडच्या सगळ्या ओळी आत्ता फवारा, मी पाणी वाहते. पण ह्या दोन ओळींवर एक थेंब पडता कामा नये."

"पण का?"

का ते सांगायला मला अर्धा तास लागला. मणी, कवच, भट्टी, पोकळी, पुरी, सगळं सांगितलं. त्यांनी इंजिन बंद केलं होतं. मी बोलत होते आणि माझ्या मागं माझी झाडं सडत होती, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, हेही सांगते. मदतीला आलेल्या माणसाला मी माझ्या आजारी झाडांपासून अडवत होते. माझ्या आईनं पाहिलं असतं तर म्हणाली असती, सगुणाला भूत लागलं.

लहानूभाऊ खाली उतरले. निळ्या ओळीत जाऊन पान उलटून पाहिलं. मग लाल ओळीतलं. परत निळ्या ओळीतलं. "हिला कितींदा मारलं?"

"एकदा."

ते परत ट्रॅक्टरवर चढले. बांधाकडच्या ओळी तेवढ्या फवारून गेले. संध्याकाळी मात्र त्यांची बायको छाया डब्यात शेवयांची खीर घेऊन आली. तिला वाटलं होतं, माझ्यावर काहीतरी दुःख कोसळलंय.

चौथ्या दिवशी निकिता आली. ह्या वेळी हे तिच्या मागं मागं ओळीत गेले, हात पाठीमागं बांधून. मला वाटलं, ह्यांना ते बघवणार नाही, पण ह्यांनी एकेक पान तिच्यासोबत बघितलं. लाल ओळीत शंभरातली एकाहत्तर पानं गेलेली. पिवळ्या ओळीत पाच फवाऱ्यांनंतर नऊ. निळ्या ओळीत एका फवाऱ्यावर अकरा.

निकितानं आकडे तीनदा तपासले. मग वही मिटली, दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि तशीच उभी राहिली. खांदे हलत होते. मी जवळ गेले तर माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "मामी, झालं गं." मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. इतका आनंद मला माझ्या बागेची द्राक्षं विलायतेला गेली तेव्हाही झाला नव्हता, आणि समोर माझीच चौदा झाडं रोगानं भरलेली होती.

"आता औषध मारलं तर चालंल?" ह्यांनी विचारलं.

"आता काहीही मारा मामा. मोजणी संपली."

"तुझंच दे. तुझ्या गोळ्याच मारू."

"नाही मामा," ती म्हणाली. "माझं औषध रोग यायच्या आधीचं आहे. आलेला रोग ते बरं करत नाही. आणि ते खपवण्यासाठी मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

ह्यांनी लाल ओळीतलं एक सडकं पान खुडलं. मग म्हणाले, "पुढच्या छाटणीला परत कर. त्या वेळी इकडं आड बाजूला नको. रस्त्याकडच्या ओळी घे. लाल रिबिनीबी तिथंच बांध. येणाऱ्या-जाणाऱ्याला समदं दिसू दे."

"लोक म्हणतील, कारभाऱ्याची बाग गेली," मी म्हटलं.

"म्हणू दे," हे म्हणाले आणि पंप भरायला गेले.