रेन्फ्रोच्या झऱ्याखालचं वळण

हॉलिस आणि लुएला प्रुएट यांना त्या दिवशी नदीवर मीच सोडलं होतं. माझा धंदाच तो आहे. लोकांना होडीसकट वरच्या धक्क्यावर सोडायचं, गाडी घेऊन खालच्या धक्क्यावर जायचं आणि ते वाहत वाहत येईपर्यंत वाट बघायची. मधल्या पाण्यात काय झालं ते मी पाहिलेलं नाही. दोघांनी मला ते वेगवेगळं सांगितलं, आणि दोघांच्या सांगण्यात फारसा फरक नव्हता, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवतो.

हॉलिसला हिवाळ्यात लकवा मारला होता. पाय सुधारला, जीभ सुधारली, उजवा हात मात्र तसाच राहिला. कपाची कडी धरली तरी पंजा थोड्या वेळानं आपोआप उघडायचा. आणि हा माणूस म्हणजे आमच्या नदीवरचा नावाजलेला होडीवाला. चपट्या बुडाच्या लांब लाकडी होड्या तो स्वतः बांधायचा. मागच्या फळीवर बसून एका वल्ह्यावर त्यानं चाळीसेक वर्षं ती नदी उतरली होती. लुएला पुढं बसायची आणि मासे धरायची. ट्राउट पकडण्यात ती त्याच्यापेक्षा सरस होती, हे तोच सगळ्यांना सांगत फिरायचा.

त्या सकाळी धक्क्यावर होडी पाण्यात ढकलली, तर हॉलिस सरळ मागच्या फळीवर जाऊन बसला.

लुएला काठावरच उभी राहिली. "आज मी बसते मागं."

"का? माझी जागा काय भाड्यानं दिलीयस?"

"हॉलिस, डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर म्हणाले व्यायाम कर. हा व्यायामच आहे."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी कशाला मध्ये पडतोय! मी म्हणालो, "जॅकेट तरी घाल रे बाबा."

"घालतो की," असं म्हणून त्यानं ते पाण्यात तरंगवणारं फुगीर जॅकेट फळीवर ठेवलं आणि त्यावर बसला. "मऊ आहे."

लुएला पुढं चढली. तिनं स्वतःचं जॅकेट गळ्यापर्यंत बंद केलं, आणि होडी वळणाआड गेली तेव्हा ती मागं वळून त्याच्या हाताकडंच बघत होती.

सकाळ बरी गेली. पाणी संथ होतं. हॉलिस डाव्या हातानं वल्हं मारायचा आणि उजव्या कोपराखाली दांडा दाबून धरायचा. रेन्फ्रोचा झरा डोंगराच्या पोटातून नदीला मिळतो तिथं पाणी एकदम निळं होतं आणि उन्हाळ्यातसुद्धा इतकं गार की घोट्यात कळ येते. ट्राउट जगतात ते त्याच पाण्यामुळं. झऱ्याच्या तोंडाशी गोट्यांच्या काठावर त्यांनी होडी लावली, गार झालेलं तळलेलं कोंबडं आणि बिस्किटं खाल्ली. मग हॉलिसनं आपली गळाची काठी काढली. हुकावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली राखी रंगाची खोटी माशी त्यानं डबीतून निवडली आणि ती बारीक तंगूसाला बांधायला घेतली.

बांधता येईना. तंगूस हुकाच्या डोळ्यातून ओवला की पंजा उघडायचा आणि माशी गोट्यांत पडायची. लुएला मुद्दाम नदीकडं बघत बसली होती. माशी परत पडली तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. ती उठली, त्याच्या हातातून तंगूस घेतला, झटक्यात गाठ मारली, टोक दातानं तोडलं आणि काठी त्याच्या हातात दिली.

"मी मागितली होती?" तो म्हणाला.

"नाही."

"मग?"

"संध्याकाळ व्हायची वाट बघत बसू का इथं?"

"माझं जेवण तू चिरतेस. बुटाच्या नाड्या तू बांधतेस. फोन आला तर 'तो झोपलाय' म्हणून तूच सांगतेस, मी शेजारी जागा बसलेलो असताना. आता मासा पण तूच धर, लुएला. मी घरी जाऊन मरतो."

"मरायची एवढी घाई होती तर हिवाळ्यातच मरायचंस! मी रात्र रात्र जागले नसते."

हे बोलल्याबरोबर तिला जीभ चावावीशी वाटली. त्यानं काठी होडीत टाकली, लंगडत जाऊन मागच्या फळीवर बसला आणि ती चढते न चढते तोच त्यानं होडी पाण्यात लोटली.

झऱ्याखाली नदी दोन दरडींच्या मध्ये घुसते. एरवी त्या वळणाची काही भीती नसते, पण वसंतातल्या पुरात वरच्या काठावरचा एक जुना सिकमोर वृक्ष उन्मळून आडवा पडला होता. त्याच्या मुळांचा घराएवढा पंजा ऐन प्रवाहात, आणि सगळं पाणी त्याच्यातून गाळणीसारखं आरपार जात होतं. दगडावर आदळली तरी होडी निघते. पण अशा मुळांत पाणी जातं, माणूस अडकतो.

"डावीकडं घे," लुएला म्हणाली.

"दिसतंय मला."

"हॉलिस, डावीकडं!"

"दिसतंय म्हटलं ना!"

डावीकडं वळायचं तर वल्ह्याचा वरचा हात उजवा लागतो. त्यानं जोर लावला आणि पंजा उघडला. वल्हं पाण्यात फिरलं, होडी आडवी झाली आणि आडवीच मुळांवर जाऊन बसली.

"झाडाकडं झुक!" तो ओरडला. ते बरोबरच होतं. ती झुकली. त्याला मात्र स्वतःला धरता आलं नाही, तो प्रवाहाच्या वरच्या अंगाला कलंडला, आणि त्या बाजूनं नदी होडीत शिरली.

लुएला खोडावर फेकली गेली. छातीला दणकन लागलं, श्वास बंद झाला, पण हात कशालातरी पकडून होते. वर चढून तिनं मागं पाहिलं तर होडी कागदासारखी दुमडत होती आणि हॉलिस कुठंच नव्हता.

मग मुळांच्या जाळ्यात त्याची टोपी दिसली. टोपीखाली तो. पाणी त्याच्या पाठीवर आदळत होतं आणि त्याची छाती मुळांवर दाबली गेली होती. डावा हात एका मुळाला विळखा घालून. पाणी हनुवटीपर्यंत.

ती पोटावर सरपटत त्याच्यापर्यंत गेली आणि त्याची कॉलर धरली.

"ये वर. मी ओढते."

"पाय अडकलाय. बूट. खाली कुठंतरी फटीत गेलाय."

तिनं दोन्ही हातांनी ओढलं. तो ओरडला. पाय तसूभर हलला नाही. ती हाका मारायला लागली, मदतीला कोणी आहे का म्हणून. त्या दरडींत स्वतःचा आवाज सोडून दुसरं काही ऐकू येत नाही. शिवाय कामाचा दिवस, नदीवर चिटपाखरू नव्हतं.

गारठा आधी बोटांत गेला. तिच्याही. हॉलिसचे ओठ जांभळे पडायला लागले आणि मुळाभोवतीचा डावा हात थरथरायला लागला. तो सैल पडला की तोंड पाण्याखाली जाणार हे दोघांना कळत होतं.

"बुटाची नाडी कापली तर पाय निघेल," ती म्हणाली. नाड्या सकाळी तिनंच करकचून बांधल्या होत्या.

"तू खाली उतरलीस तर मला कोण धरेल?"

तिनं आजूबाजूला पाहिलं. मग तिला आपली काठी दिसली. काठीचे तुकडे झाले होते, पण रीळ मुळांत लटकत होतं. ट्राउटच्या काठीचा मुख्य दोर चांगला जाड असतो, मेण लावलेल्या सुतळीसारखा. एक पदर माणसाला पेलणार नाही. ती एका हातानं कॉलर धरून दुसऱ्या हातानं दोर ओढत राहिली. त्याच्या काखेखालून, मुळाभोवती, परत काखेखालून. किती वेढे झाले ते तिनं मोजले नाहीत. रिळातला सगळा दोर संपेपर्यंत ती गुंडाळत राहिली. बोटं ऐकत नव्हती, शेवटची गाठ तिनं दातांनी ओढली. हॉलिस तिच्याकडं बघत होता.

"मी झाडाच्या पलीकडून उतरणार," ती म्हणाली. "तिकडं पाण्याला ओढ कमी आहे. मुळांतून हात घालून नाडी कापते. जॅकेट काढावं लागेल, नाहीतर खाली जाता येणार नाही."

"हं."

"सोडू का तुला?"

लुएला म्हणते, हे तिनं खरंच विचारलं होतं. तो नाही म्हणाला असता तर तिनं सोडलं नसतं. हिवाळ्यापासून तिनं त्याला एकही गोष्ट विचारून केली नव्हती.

हॉलिसनं दोराकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "सोड," तो म्हणाला.

तिनं कॉलर सोडली. तो बोटभर खाली गेला आणि दोर ताणला. पाणी खालच्या ओठाला लागलं. दोर टिकला.

जॅकेट काढून पलीकडं उतरल्यावर तिनं खिशातला मासे साफ करायचा चाकू उघडला आणि बुडी मारली. पहिल्यांदा काहीच हाती लागलं नाही. नुसती मुळं, बोटांना मुळं आणि माणसाचा पाय यातला फरकच कळेना. वर आली तर हॉलिस नाक वर करून श्वास घेत होता. पुन्हा गेली. या वेळी त्याच्या रबरी विजारीचा पाय सापडला, मग घोटा, मग बूट. नाडीखाली चाकूचं टोक सरकवलं आणि ओढलं. तिथं तिनं आपलं बोटही कापून घेतलं, ते तिला काठावर आल्यावर कळलं.

"ओढ!" वर येऊन ती ओरडली. "पाय ओढ!"

"निघत नाही!"

"मी बूट दाबून धरते. तू ओढ. माझ्यावरचा राग काढ!"

ती पुन्हा खाली गेली. दोन्ही हातांनी बुटाची टाच फटीत दाबली. वरून एक हिसका आला, काही नाही. दुसरा आला आणि पाय तिच्या कानाला लागून बाहेर गेला.

आता तो मोकळा होता, पण दोर त्याला मुळांशी बांधून ठेवत होता आणि प्रवाहानं त्याचं डोकं खाली रेटलं. तिला वर चढायला वेळ लागला. ते क्षण तिला अजून स्वप्नात दिसतात. खोडावर आडवं पडून तिनं एकेक वेढा कापला, आणि शेवटचा सुटला तसा तिनं त्याला मिठी मारली आणि दोघं मुळांच्या कडेनं घसरून खालच्या उथळात गेली. तिथं गुडघाभर पाणी. हातापायांवर रांगत दोघं काठावर आली.

हॉलिस बोलत नव्हता. थंडीची थरथर थांबली होती, आणि ते वाईट लक्षण असतं हे आमच्या नदीवर शेंबड्या पोरालाही माहीत असतं. काड्यापेटी भिजलेली. पण ऊन होतं, आणि काठावरचे गोटे सकाळपासून तापलेले. तिनं त्याचे सगळे कपडे ओरबाडून काढले, स्वतःचेही काढले, त्याला गोट्यांवर निजवलं, गरम गोटे त्याच्या काखेत आणि पोटावर रचले आणि वर स्वतः आडवी झाली. बोलत राहिली. काय बोलली ते ती मला सांगत नाही.

खूप वेळानं त्याचे दात वाजायला लागले. तो आवाज ऐकून ती रडली.

"लुएला," तो म्हणाला.

"काय?"

"एक गोटा फार गरम आहे. नको त्या जागी आहे."

मी खालच्या धक्क्यावर वाट बघून कंटाळलो होतो. मग वाहत आलेलं एक वल्हं दिसलं. हॉलिसच्या हातचं वल्हं मी कुठंही ओळखेन. धक्क्याला माझी मोटारहोडी बांधलेली असते, ती घेऊन मी निघालो. वर जाताना मी दोन्ही काठ बघत होतो, पण खरं सांगायचं तर पाण्यातच बघत होतो. वळणावर आलो आणि बघतो तर साठी उलटलेली दोन माणसं उघडीवाघडी गोट्यांवर पडलेली, एक दुसऱ्यावर.

माझ्या तोंडून निघालं, "मी नंतर येऊ का?"

"पांघरूण टाक, गाढवा!" लुएला ओरडली. तेव्हा मला कळलं की दोघं जिवंत आहेत. मी होडीतच खाली बसलो.

हॉलिसला पुढं न्यूमोनिया झाला, बरेच दिवस दवाखान्यात होता. तो सिकमोर आम्ही चारजणांनी दुसऱ्याच दिवशी करवतीनं कापून काढला. मी ते त्याला सांगायला गेलो तेव्हा लुएला बोटाला पट्टी बांधून खाटेशी बसली होती. नर्स सूप घेऊन आली आणि लुएलाला म्हणाली, "यांना भरवता ना?"

लुएलानं हॉलिसकडं बघितलं. "काय रे?"

 "अर्धं मी पितो," तो म्हणाला. "हात दमला की सांगतो."

नर्सनं वाडगा त्याच्या पुढ्यात ठेवला. त्यानं डाव्या हातात चमचा घेतला. पहिला चमचा निम्मा चादरीवर सांडला. लुएला खिडकीतून बाहेर बघत राहिली, आणि मी तिला विचारलं की होडीचं काय करायचं, तुकडे आणू का. ती म्हणाली, "त्याला विचार."

"आण," हॉलिस तोंडात सूप असतानाच म्हणाला. "मागची फळी शाबूत असली तर बघू."

ती शाबूत नव्हती. बाकीचे तुकडे मी नेऊन त्यांच्या कोठारात टाकले. अजून तिथंच आहेत. नवी होडी बांधायचं त्याच्या मनात आहे, पण पुढं कोण आणि मागं कोण यावर त्यांचं अजून एकमत झालेलं नाही. परवा गेलो होतो तर त्याच वादात दोघांचा स्वयंपाक करपला होता.