ठेवलेलं एक चॅनेल

मासेमारीची बंदी लागली की म्वेरू तळ्याच्या काठावरचे गडी रिकामे होतात आणि बायांना मान वर करायला फुरसत उरत नाही. कासुबा त्या दिवशी सकाळपासून डबक्याच्या कडेला बसून भिजवलेले कसाव्याचे कंद सोलत होती. आंबूस वास पार कोपरापर्यंत चढला होता. आभाळ खाली उतरलेलं, तांबडी माती पायाखाली निसटत होती. तेवढ्यात थोरली पोर म्वेन्या मुसमुसत आली.

"आये, बानं आमचं कार्टून घालवलं."

"घालवलं म्हंजी?"

"दुकानात जाऊन सांगितलं, आता नगं म्हून."

कासुबानं सुरी पाटीत टाकली. घरातला टीव्ही म्हणजे चिब्वेचा, तिच्या नवऱ्याचा, जीव की प्राण. आधी डिशचा सगळा गठ्ठा एकदम घ्यावा लागायचा. नको असलेल्या पन्नास वाहिन्यांचेही पैसे भरायचे, त्यामुळं निम्मं वर्ष टीव्ही मुका बसायचा. मग नवी सोय आली. जे बघायचं तेवढंच घ्या, तेवढ्याचेच पैसे भरा, आठवड्याच्या बोलीवर. तिठ्यावरच्या मुसोंडाच्या दुकानात सांगायचं आणि तो तिथनंच चालू करून द्यायचा. भांडत भांडत घरानं तीन ठरवली होती. चिब्वेचा फुटबॉल, पोरांचं कार्टून आणि म्हातारीची मालिका. ही म्हातारी म्हणजे नामोन्जे, चिब्वेची आई. डोळ्यांनी अधू, तरी पडद्याला नाक लावून बघणारी.

चौथं कुणी मागितलंच नव्हतं. प्रेषित जेरिकोचं चॅनेल कंपनीनं आठवडाभर फुकट दाखवलं, आणि चिब्वे त्याच्यापुढं जो बसला तो बसलाच. धाकटा भाऊ मागच्या साली तळ्यात बुडाल्यापासून त्याला रात्री झोप नव्हती. प्रेषिताचं ऐकताना मात्र चेहरा निवायचा. कासुबाला आधी बरंच वाटलं होतं.

घरी आली तेव्हा तो पडद्यासमोर मांडी घालून बसला होता.

"पोरांचं कशाला काढलं?"

"उंदीर-मांजरं बगून पोरं काय शिकनार? हे बगू दे की."

"माजी मालिका हाय न्हवं रं?" म्हातारीनं कोपऱ्यातून विचारलं.

"हाय, माय. सध्या हाय."

ते 'सध्या' कासुबाच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं.

पुढल्या आठवड्यात मालिका गेली. म्हातारी कुरकुरली, "अरं, त्या सावत्र पोरीला तिनं घराबाहीर काढलं का न्हाई, एवडं तरी कळू द्यायचं हुतं." चिब्वे हसला नाही. एरवी आईच्या असल्या बोलण्यावर तो पोट धरून हसायचा.

आणि मग फुटबॉल गेला.

सामन्याच्या दिवशी शेजारपाजारचे गडी आपापले स्टूल घेऊन अंगणात आले. चिब्वेनं त्यांना प्रेमानं बसवलं आणि प्रेषित लावला. गडी भिडेखातर थोडा वेळ बसले, एकमेकांकडं बघितलं आणि एकेक करून उठले. त्यानंतर त्या अंगणात कुणी स्टूल टेकवलं नाही. पाऊस मात्र रोज यायचा, आणि पत्र्यावरच्या पावसातनं प्रेषिताचा आवाज दिवसभर घुमत राहायचा.

कासुबा मीठ आणायला तिठ्यावर गेली तर मुसोंडानं हळूच विचारलं, "वैनी, चिब्वेभाऊ बरा हाय न्हवं?"

"का वो?"

"तंगी आली की मानसं येकेक चॅनेल सोडत्यात, माजं रोजचंच हाय. पर फुटबॉल सोडताना तोंड कडू करत्यात. ह्यो हसत हसत सोडून गेला. मला काय ते बरं दिसलं न्हाई."

ती मिठाची पुडी घेऊन भिजत घरी आली. आता तिला सगळंच दिसायला लागलं. चिब्वे न्शिमाच्या, म्हणजे शिजवलेल्या पिठाच्या, गोळ्याला नुसतं बोट लावून ताट सारायचा. मासळीला तर शिवायचाच नाही. बंदी उठायला आली, काठावर होड्यांना डांबर लागायला लागलं, आणि याच्या खुंटीवरचं जाळं दिसेना.

"जाळं कुटं हाय?"

"इकलं."

"इकलं? आन् तळ्यावर काय हातानं मासं धरनार?"

"तळ्याचं आता काय काम न्हाई. प्रेषितानं त्याच्या मळ्यावर बोलावलंय. शनवारी टरक येतोय. आपून चौघं जायाचं."

"आन् तितं खायाचं काय?"

"तितं खानं लागत न्हाई फारसं," चिब्वे शांतपणे म्हणाला. "देह हलका हुतो, कासुबा. पोरांचा तर लवकर हुतो."

ती वाद घालत बसली नाही. त्याच दुपारी शेजारणीच्या फोनवरून तिनं भावाला निरोप दिला. भाऊ काओमा, वरच्या गावाला राहणारा, शुक्रवारी चिखल तुडवत सायकल ढकलत आला. अंगणात दोन्ही हात जुळवून टाळी वाजवून त्यानं मेव्हण्याला मान दिला आणि खाली बसला.

"दाजी, तुमी मोटं. तुमचं पाय तुमी कुटं बी न्या, मी अडवनार न्हाई. पर पोरं आमच्या कुळाची. पोरं कुटं जानार ते मामानं ठरवायचं, ही आपली रीत तुमाला ठावं हाय."

"मामा त्यास्नी तारनार हाय का?"

"तारन्याचं मला कळत न्हाई. जेवू घालीन."

चिब्वे भांडला असता तर कासुबाला बरं वाटलं असतं. त्यानं नुसती होकाराची मान हलवली. शनिवार उजाडायच्या आत काओमा म्वेन्याला आणि धाकट्या बुपेला सायकलवर बसवून निघून गेला.

ट्रक आला तो इंजिन बंद न करताच थांबला. वर पांढरे कपडे घातलेली माणसं दाटीनं बसलेली, कुणाकडं बोचकं नाही की भांडं नाही. मध्ये लहान पोरंही होती. इतकी पोरं असून एकही रडत नव्हतं, की भांडत नव्हतं. चिब्वे आईपुढं गुडघ्यावर बसला.

"जेवून जा रं," म्हातारी म्हणाली.

"भूक न्हाई, माय."

"नगं जाऊस, चिब्वे," कासुबा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला नावानं हाक मारली. तो थबकला, तिच्याकडं ओळखीचं बघितलं, आणि चढला. ट्रकची चाकोरी पावसानं दुपारपर्यंत पुसून टाकली.

काओमानं चौकीत जाऊन सांगून पाहिलं. जाणता माणूस स्वतःच्या पायांनी देवाचं नाव घ्यायला गेलाय, आम्ही काय करणार, असं तिथं म्हणाले.

बंदी उठली. तळ्यावर होड्या गेल्या. कासुबा दुसऱ्यांची मासळी वाळवून बाजारात बसायला लागली. पोरं परत आली, जेवायला लागली, खोड्या काढायला लागली. टीव्ही मात्र पैसे संपल्यानं काळा पडला होता. हातात थोडा पैसा खेळायला लागला तशी ती मुसोंडाकडं गेली.

"कोनचं लावू, वैनी? पोरांचं? का म्हातारीची मालिका?"

"प्रेषिताचं."

मुसोंडाचा हात थांबला. "वैनी, त्या चॅनेलनं तर तुमचं घर..."

"त्येचंच. येकच परवडतंय मला."

त्या संध्याकाळी घर पडद्याला चिकटून बसलं. प्रेषित काय बोलतोय तिकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे मागच्या, मळ्यावरच्या गर्दीत चिब्वेला शोधत होते. म्वेन्यालाच आधी दिसला. पांढऱ्या कपड्यात, तिसऱ्या बाकावर, टाळ्या वाजवत होता. मान बारीक झाली होती, पण तोच होता. म्हातारी रडली आणि हसली.

तेव्हापासून दर आठवड्याला कासुबा मुसोंडाकडं जाते आणि तेवढं एकच चॅनेल मागते. पोरं कार्टूनचं नाव काढत नाहीत. दर वेळी तो कुठंतरी सापडतो, गालफडं बसलेला, खांद्याची हाडं वर आलेली, हसणारा.

गेल्या रविवारी कॅमेरा सगळ्या बाकांवरून फिरला. मग पुन्हा एकदा फिरला. म्वेन्या आईच्या तोंडाकडं बघत होती.

"दिसला का गं?" नामोन्जेनं विचारलं.

पडद्यावरचे निम्मे बाक रिकामे होते.

"गर्दी लई हाय, आत्याबाई," कासुबा म्हणाली. "मागं कुटंतरी बसला असंल."