एका गोळीचे दोन डॉक्टर

चित्रकलेच्या मास्तरांची मूत्रपिंडं सहा वर्षांपासून कुरकुरत होती. यंदा त्यांच्या जोडीला हृदयानंही उचल खाल्ली. छातीतले ठोके कधी धावायचे, कधी ठेचकाळायचे. जिन्याची तिसरी पायरी आली की मास्तर कठडा धरून खाली बसायचे. त्यांच्या बायकोनं, म्हणजे बाईंनी, त्यांना हृदयवाल्या डॉक्टरांकडे नेलं.

"ठोके अनियमित आहेत," कागदाची पट्टी बघत ते म्हणाले. "मूत्रपिंडाच्या पेशंटमध्ये हे नेहमीचंच. अशानं हृदयात गुठळी होते आणि मेंदूत जाते. रक्त पातळ करायची गोळी आजपासून."

आठवड्यानं मूत्रपिंडवाल्या डॉक्टरांनी ती चिठ्ठी मेलेला उंदीर उचलावा तशी चिमटीत धरली. "मूत्रपिंडं अशी असताना एवढा डोस? रक्तस्राव झाला म्हणजे? बंद करा."

हृदयवाल्यांनी परत सुरू केली. मूत्रपिंडवाल्यांनी परत बंद केली. दोघांचे दवाखाने एकाच इमारतीत, हृदयवाले दुसऱ्या मजल्यावर, मूत्रपिंडवाले तिसऱ्या. लिफ्ट कायमची आजारी. मधल्या अठरा पायऱ्या चढायचं भाग्य फक्त मास्तरांना.

"तुम्ही एकदा त्यांच्याशी बोलाल का?" बाईंनी खाली विचारलं.

"त्यांनी करावा की फोन. माझी कुठे ना आहे?"

वरही हेच उत्तर मिळालं, शब्द न शब्द.

बाईंनी तीस वर्षं एका कारखान्याचा टेलिफोन बोर्ड सांभाळला होता. आधी लाइनवर कोण येणार यावरून रुसून बसणारे साहेब त्यांनी रोज जुळवले होते. ही जात त्यांच्या चांगली ओळखीची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःचा आणि नवऱ्याचा फोन टेबलावर मांडला. एकावरून हृदयवाल्यांना सांगितलं, "मूत्रपिंडवाले डॉक्टर लाइनवर आहेत, जोडून देते." दुसऱ्यावरून उलट सांगितलं. मग दोन्ही आवाज मोठे करून फोन तोंडाला तोंड लावून ठेवले.

"बोला, काय काम काढलंत?"

"मी? फोन तुम्ही केलात."

"मी केला," बाई म्हणाल्या. "मास्तरांनी गोळी घ्यायची की नाही, तेवढं दोघांनी मिळून सांगा."

"ही काय पद्धत झाली?" दोघं एकदमच म्हणाले. पाच आठवड्यांत त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं.

बाईंनी एकही फोन बंद केला नाही. लाइन कधी सोडायची नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

शेवटी हृदयवाले खाकरले. "पोटॅशियम किती आहे त्यांचं? ते वाढलं तरी ठोके बिघडतात."

"वाढलेलंच आहे. रिपोर्ट महिनाभर माझ्याकडे पडलाय."

"मग मला कळवायचं नाही?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

मास्तर खुर्चीत बसून आपल्याच छातीवरचं हे भांडण ऐकत होते. "अगं, मी मधे काही बोलू का?" त्यांनी हळूच विचारलं. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

चार मिनिटांत निकाल लागला. गोळी चालू, पण कमी डोसची. पोटॅशियम उतरवायचं औषध वेगळं. दर महिन्याला रक्त तपासायचं, आणि कुठूनही रक्त आलं तर दोघांनाही कळवायचं.

दोन महिन्यांनी ठोके पुरते सुधारले नव्हते, तरी मास्तर मध्ये एकदाच थांबून दुसऱ्या मजल्यावर पोचले. हृदयवाल्यांनी नाडी पाहिली आणि हसून म्हणाले, "शेवटी मीच समजावलं त्यांना."

तिसऱ्या मजल्यावर मूत्रपिंडवाले म्हणाले, "ऐकत नव्हते हो. मीच पटवलं."

"हो का," बाई म्हणाल्या, आणि चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये ठेवली.