शिशावरचा बूट

शाईने

क्लिफर्ड पिकरिल फेब्रुवारीत गेला. थॉर्नवेलच्या चर्चला परांची लागली मार्चमध्ये. त्याची बहीण एनिड त्याचा उजवा बूट पिशवीत घालून परांची चढली. रडू अजून आलंच नव्हतं. दाढ काढल्यावर ओठ जसा दुसऱ्याचा वाटतो, तसं तिला सगळं अंगच वाटत होतं.

निवृत्तीनंतरची सगळी वर्षं क्लिफर्डने घराण्याचा मूळपुरुष शोधण्यात घातली. मोठा कागद. खात्रीची नावं शाईने, बाकीची पेन्सिलीने. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा शाईने.

पेन्सिलीने

सगळ्यात वर जोसाया. छपरांना शिशाचे पत्रे घालणारा. बहुतेक आपला.

छपरावर डॅरेन वाट बघत होता. कामाचा मुकादम.

"हा आकार बघा. काम संपलं की आपला बूट पत्र्यावर टेकवायचा, भोवती रेघ ओढायची, आत नावाची अक्षरं. आम्ही अजून करतो."

जुन्या पत्र्यावर बुटाचा आकार, आत जे. पी. एनिडने क्लिफर्डचा बूट त्यावर ठेवला. चवडा एका बाजूने बाहेर आला.

"हा डावा की उजवा?"

"तेव्हा डावा-उजवा नसायचाच, बाई. दोन्ही सरळ."

"सकाळच्या घाईत बरंच की," मागोमाग वर आलेल्या पाद्रीणबाई मार्गो म्हणाल्या.

बूट बसला की काहीतरी वाटेल, असं एनिडला वाटलं होतं. नीट बसलाही नाही, काही वाटलंही नाही.

जुनं शिसं वितळवून नवे पत्रे ओतायचे होते. एवढा तुकडा मात्र कापून आत भिंतीवर लावता आला असता, खाली नाव घालून. मार्गोबाईंनी तसा शब्द दिला होता. अट एकच: माणूस नक्की कोण, ते घरच्यांनी सांगायचं.

"अक्षरं जुळतात, एनिड. हो म्हणा आणि मोकळ्या व्हा."

"तो पेन्सिलीने आहे."

"आता कोण बघतंय?"

"क्लिफर्ड बघायचा. माझ्या वाढदिवसाच्या कार्डावर माझं वयसुद्धा पेन्सिलीने लिहायचा मेला."

मार्गोबाई हसल्या. एनिडलाही हसायचं होतं.

"नाही सांगता येणार," ती म्हणाली.

डॅरेनच्या माणसांनी पत्रा सतरंजीसारखा गुंडाळला आणि खाली सोडला.

शाईने

जूनमध्ये डॅरेनचाच फोन आला. "या वर. बूट घेऊन या."

नवा पत्रा चकचकीत होता.

"त्याच शिशाचा. तुमचा जोसाया असलाच तर ह्यातच आहे कुठंतरी. नसला तर दुसऱ्या कुणाचा तरी." त्याने तिच्या हातात खिळा दिला. "आपली रेघ आपण ओढायची नसते. एकाने उभं राहायचं, दुसऱ्याने ओढायची."

एनिड गुडघ्यांवर बसली. रिकामा बूट उतारावरून घसरायला लागला. तिने डावा हात बुटात घातला आणि दाबून धरला. आत अंगठ्याच्या जागी खड्डा पडलेला होता. तिची बोटं त्यात गेली.

उजव्या हाताने रेघ ओढली. टाचेपाशी ती वाकडी झाली. आत सी. पी.

"ह्याची तरी खात्री आहे ना?" डॅरेन म्हणाला.

"ह्याची आहे."

वारा सुटला होता. डॅरेनने थरमासमधला चहा ओतला, तिच्याजवळ ठेवला, स्वतःचा पिऊन टाकला.

"झालं की, बाई. काढा आता हात."

तिला ऐकू आलं. हात बुटातच होता.